तक्त्यात न दिसणारी निवड

शिवडीच्या बीडीडी चाळीत प्रो कबड्डीचा लिलाव झाला की पोरांचा वाद ठरलेला: कोणत्या संघाने खेळाडू नीट उचलले? निकष एकच, मोसमाअखेरचा गुणतक्ता. संघ वर, म्हणजे निवड चांगली. हा निकष अपुरा आहे, आणि त्याचा पुरावा याच मुंबईच्या क्रिकेटमध्ये आहे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. सामन्यात ८ गडी बाळू पालवणकरांचे. बाळू चांभार समाजातले. पुण्याच्या साहेबांच्या जिमखान्यात ते खेळपट्टीची निगा राखत, सरावाला गोलंदाजी करत. पगार महिना ४ रुपये. बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे होते. बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण झेलत होते, पण चहा त्यांना मंडपाबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात.

१९०६ चा निकाल पाहाल तर मुंबईच्या निवड समितीला पैकीच्या पैकी गुण द्याल. पण कोणाला घेतले एवढीच निवड नसते. घेतलेल्या माणसाला कोणते काम दिले, हीसुद्धा निवडच. घाम गाळून गडी बाद करायला अस्पृश्य चालला. हुकूम सोडायला चालला नाही. वर्षानुवर्षे बाळूंचे नाव कर्णधारपदासाठी पुढे येई आणि मागे पडे. कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले होते की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता.

१९११ चा इंग्लंड दौरा बघा. संघात ६ पारशी, ५ हिंदू, ३ मुस्लिम आणि कर्णधार पतियाळाचे महाराजा! आरक्षणाचे नाव काढताच ‘गुणवत्ता’ आठवणाऱ्यांनी हे धर्मवार वाटे एकदा मोजावेत. महाराजा थोडेच सामने खेळले. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी त्या हरणाऱ्या संघासाठी ११४ गडी बाद केले.

१९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी खेळायलाच नकार दिला. निवड समितीचे मूल्यमापन करायचे तर माझ्या मते या बहिष्काराइतका चोख कागद दुसरा नाही. मग समिती हलली, बाळू उपकर्णधार म्हणून परत आले.

(बाळू पुढे राजकारणात आपल्या बाजूला नव्हते. पुणे कराराच्या वेळी ते गांधींच्या गोटात होते, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले. म्हणून त्यांच्यावरचा अन्याय कमी होत नाही.)

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. त्याच वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवले, आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. बाळू तोवर निवृत्त झाले होते.