तब्येत सुधारली हो तुमची!

मंडळी, आपल्या मराठीत एक गंमत आहे. एखाद्याचं वजन वाढलं की त्याला तोंडावर "जाड झालात" असं सहसा कोणी म्हणत नाही. "तब्येत सुधारली हो तुमची!" असं म्हणतात. 2019 च्या गणेशोत्सवात, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा असताना एका काकूंनी मला हेच म्हटलं. अगदी मायेने म्हटलं. मीही हसून वेळ मारून नेली. गेले आठ महिने मी डिप्रेशनसाठी मिर्टाझापीन नावाची गोळी घेत होतो आणि तेवढ्या काळात माझं वजन नऊ किलोंनी वाढलं होतं, हे काकूंना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी गोळ्यांची पाकिटं ड्रॉवरच्या तळाशी कोंबली. डॉक्टरांना विचारलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही.

त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. त्याआधी थोडा इतिहास. मी डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला आहे. काही बिघडलं की ते पहिल्यांदा केव्हा बिघडलं आणि त्याआधी काय बदललं होतं हे जुन्या नोंदी काढून पाहायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. बरा झाल्यावर या गोळ्यांच्या बाबतीतही मी तेच केलं आणि नोंदी वाचता वाचता मला माझे आजोबा आठवले.

1950 च्या सुमारास आजोबांना क्षय झाला होता आणि ते मिरजेच्या वानलेस सॅनेटोरियममध्ये होते. आजी सांगायची, त्यांच्या पत्रातली पहिली ओळ ठरलेली असे: या महिन्यात वजन इतके रतल वाढले. ते वाचलं की घरात देवापुढे साखर ठेवली जाई. क्षयात माणूस झिजतो, म्हणून वजन वाढणं म्हणजे जीव वाचणं. "तब्येत सुधारली" हा शब्दप्रयोग त्या काळात अगदी शब्दशः खरा होता.

आणि गंमत म्हणजे डिप्रेशनच्या औषधांची गोष्टही क्षयाच्या वॉर्डातच सुरू होते. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन पाहिलं गेलं. खाटेला खिळलेली माणसं उठून बसली, भरपूर जेवू लागली, त्यांचं वजन वाढलं आणि चित्तवृत्तीही खुलल्या. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रं तेव्हा गाजली होती. क्षयाच्या औषधाने मनही उभारी धरतं हे पाहून 1957 च्या सुमारास नेथन क्लाइन आदी डॉक्टरांनी ते डिप्रेशनसाठी वापरलं. म्हणजे या औषधांच्या पहिल्या पानावर वजनवाढ आहे, पण ती जमेच्या बाजूला!

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना इमिप्रामीनचा गुण दिसून आला. हे औषध बाझल शहरातल्या गायगी कंपनीचं. तिथल्याच सीबा कंपनीने पुढे आपल्या मुंबईत, गोरेगावला मोठं संशोधन केंद्र काढलं. त्या केंद्रातून इमिप्रामीनच्याच कुळातलं सिंटामिल हे औषध निघालं आणि ते 1982 मध्ये भारतात विक्रीला आलं. गोरेगावच्या शेजारी वाढलेल्या मला हे चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं, याची जराशी लाजच वाटली.

मग वजनवाढ खर्चाच्या बाजूला केव्हा आली? त्याआधी एक टप्पा आहे आणि तो इंग्लंडमधला आहे. 1960 साली लीड्स विद्यापीठाच्या मॅक्स हॅमिल्टन यांनी डिप्रेशनचं मोजमाप करणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. (याच विद्यापीठात मी एमएस्सी केलं, पण तेव्हा हे नाव कानावरही आलं नव्हतं.) औषध लागू पडतंय की नाही हे ठरवायला ही प्रश्नावली जगभर वापरली जाऊ लागली. तिच्यात भूक मंदावली का, वजन घटलं का, हे विचारलं जातं आणि त्याचे गुण मोजले जातात. वजन वाढलं का, यासाठी मात्र रकानाच नाही. यात हॅमिल्टन यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांच्यासमोर होते ते बहुतेक रुग्णालयातले, अन्नावरची वासना उडालेले रुग्ण. पण आमच्या धंद्यात म्हणतात तसं, फॉर्ममध्ये जी रकानाच ठेवली नाही ती माहिती कधीच गोळा होत नाही.

1961 मध्ये अमिट्रिप्टिलीन आलं आणि खूप चाललं. रुग्ण घरी गेले, बरे झाले, तरी वजन वाढतच राहिलं. 1973 साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये यूजीन पेकेल आणि सहकाऱ्यांनी या औषधाने वजन वाढतं आणि गोडाधोडाची ओढ लागते, असं स्पष्ट लिहिलं. औषध बाजारात येऊन तोवर बारा वर्षं झाली होती. अशा काही औषधांनी मेंदूतल्या हिस्टामीनचं काम अडवलं जातं, त्यामुळे झोप येते आणि भूकही वाढते. मिर्टाझापीनचंही तसंच. रात्री अकराला डबा उघडून बेसनाचे लाडू खाणारा मी हावरट नव्हतो, हे मला इतक्या उशिरा कळलं.

1989 मध्ये ब्रिटनमध्ये प्रोझॅक आलं. त्याने सुरुवातीला वजन थोडं घटतं, म्हणून आता प्रश्न मिटला असं अनेकांना वाटलं. पण चाचण्या काही आठवड्यांच्या असतात आणि माणसं गोळ्या घेतात वर्षानुवर्षं. 2018 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी सुमारे 2 लाख 95 हजार ब्रिटिश रुग्णांच्या जीपीकडच्या नोंदी तपासल्या. वजन 5 टक्क्यांनी वाढण्याचं प्रमाण या गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे 21 टक्क्यांनी जास्त होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते सर्वाधिक होतं. यावरून गोळीच कारण आहे असं सिद्ध होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. 2025 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या, पुन्हा किंग्ज कॉलेजच्याच अभ्यासात 30 औषधांची तुलना झाली. मोठा फरक दिसला: काही औषधांनी वजन घटतं, काहींनी वाढतं आणि दोन टोकांमध्ये सुमारे 4 किलोंचं अंतर आहे. म्हणजेच निवडीला वाव आहे.

आता माझी राहिलेली गोष्ट. गोळी एकदम बंद केल्यावर आठवडाभर चक्कर, मळमळ आणि रात्री टक्क जाग. नवरात्र येईपर्यंत मी पुन्हा त्याच अंधाऱ्या खड्ड्यात होतो. ड्रॉवरमधली पाकिटं बायकोला सापडली. ती काही बोलली नाही, फक्त जीपीची अपॉइंटमेंट घेतली आणि माझ्याबरोबर येऊन बसली. मी वजनाचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" खरं सांगू? लाज वाटली होती. मनाचा आजार झालाय आणि मला चिंता पोटाच्या घेराची, हे बोलायचं कसं! त्यांनी हळूहळू गोळी बदलून दिली. नऊपैकी पाच किलो उतरले, चार अजून आहेत.

तेव्हा मंडळी, एवढंच सांगणं. आपल्यापैकी कोणी अशी गोळी घेत असेल तर सुरुवातीलाच वजन करून ठेवा, वाढलं तर डॉक्टरांना निःसंकोच सांगा आणि गोळी परस्पर बंद करू नका. हॅमिल्टनच्या कागदावर रकाना नसला तरी आपल्याला तोंड आहे.

त्या काकू मागच्या वर्षी पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "बारीक झालास रे, बरा आहेस ना?" या वेळी मी हसून वेळ मारून नेली नाही. प्रसादाची वाटी हातात घेऊन आम्ही कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसलो आणि मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मीसुद्धा चार वर्षं घेतेय."