वडगावचा विजय आणि तळेगावची राख

१/९
आंदर मावळातील कुसूर घाटाची जुनी वाट एकीकडे कोकणात उतरते आणि दुसरीकडे कान्ह्याजवळ पुण्याच्या रस्त्याला मिळते. तेथून जवळच वडगाव आणि तळेगाव दाभाडे ही दोन गावे आहेत. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रज फौजेला याच टापूत नमविले. या विजयाने वडगावचे नाव इतिहासात गेले; त्याची किंमत मात्र तळेगावने मोजली.

२/९
तळेगाव हे काही आडबाजूचे खेडे नव्हते. १७१७ मध्ये छत्रपती शाहूंनी खंडेराव दाभाडे यांना सेनापतिपद दिले आणि त्यांच्या घराण्याचे नाव गावाला कायमचे जोडले गेले. बनेश्वर मंदिराजवळ खंडेरावांची समाधी आहे. पुढे बडोद्याचे राज्य उभारणारे गायकवाड हे मूळचे याच दाभाड्यांचे सरदार.

३/९
१७३१ मध्ये डभईच्या लढाईत खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव पहिल्या बाजीरावांविरुद्ध लढताना मारले गेले. त्यानंतर उमाबाई दाभाडे यांनी घराण्याचा कारभार सांभाळला आणि गुजरातच्या स्वारीत स्वतः फौजेचे नेतृत्व केले. १७५१ नंतर दाभाड्यांचा प्रभाव ओसरला. गाव मात्र नांदते राहिले.

४/९
१७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० ची फौज बोरघाट चढून आली. तिच्यासोबत सामान वाहणारे १९,००० हून अधिक बैल होते. या लवाजम्यामुळे खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे थोडके अंतर कापण्यास तिला दहा-अकरा दिवस लागले.

५/९
महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. फौजेला पुढे येऊ द्यायचे, बाजूंनी सतत सतावायचे आणि मागची रसद तोडायची, हा त्यांचा डाव होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनीही त्याच्या शौर्याची कदर केली; लोकांच्या तोंडी तो ‘इष्टुर फाकडा’ झाला.

६/९
९ जानेवारीस इंग्रज तळेगावास पोहोचले तेव्हा गाव ओस पडले होते आणि जाळून टाकलेले होते. शत्रूला दाणागोटा, वैरण, निवारा यांपैकी काहीच मिळू नये म्हणून मराठ्यांनी आपल्याच सेनापतींचे गाव पेटविले होते. प्रसंग आला तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची तयारी होती. नेपोलियन जळत्या मॉस्कोत अडकला तो १८१२ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर तेहतीस वर्षांनी.

७/९
पुणे आता अवघ्या दोन-तीन मजलांवर होते. तरीही पुढचा मुलूख असाच उजाड मिळणार या धास्तीने इंग्रजांनी माघारीचा निर्णय घेतला. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या मोठ्या तळ्यात बुडविल्या, जादा सामान जाळले आणि परतीची वाट धरली. पण मराठे सावध होते. अंधारातच हल्ले सुरू झाले आणि फौज कशीबशी वडगावात शिरली, तेथेच तिची कोंडी झाली.

८/९
१६ जानेवारी १७७९ रोजी वडगावचा तह झाला. १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत देण्याचे इंग्रजांनी कबूल केले. पुढे कंपनीच्या वरिष्ठांनी हा तह नाकारला, युद्ध लांबले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पुणे मात्र वाचले.

९/९
वडगावात आज महादजींचे स्मारक आहे आणि इष्टुर फाकड्याची समाधीही आहे. विजेत्याची आठवण राहिली, पराभूत शत्रूचीही राहिली. ज्यांनी आपली घरे सोडली आणि ती जळू दिली, त्या तळेगावकरांची नावे मात्र कोणत्याच दगडावर नाहीत. गाव पुन्हा उभे राहिले. स्वदेशीच्या काळात, १९०८ मध्ये, लोकांच्या पैशा-पैशातून उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना याच गावात निघाला. वडगावचा विजय सांगताना त्याआधीच्या तळेगावच्या राखेचाही उल्लेख व्हावा, एवढे ऋण मावळावर आहे.