हाजी, प्लेग आणि 1897 चा कायदा

दौंडच्या माझ्या खाला हजला निघाल्या तेव्हा लसीकरणाच्या शिबिरात मी सोबत होतो. दंडावर मेंदूज्वराची लस टोचून झाली आणि नर्सबाईंनी तोंडात पोलिओचे थेंब टाकले. खालांना हसू आवरेना. "अरे, हे तर नातवाचं औषध! मला कशाला?" सौदी सरकारचा नियम आहे, एवढंच मी सांगितलं. शिरूरला परतताना एसटीत मात्र डोक्यात तेच घोळत राहिलं, की हाजीच्या तब्येतीवर साऱ्या जगाचा डोळा कधीपासून आहे?

साथींवर देशादेशांनी मिळून नियम करावेत म्हणून पहिली परिषद 1851 मध्ये पॅरिसला भरली. 1865 मध्ये मक्केत कॉलरा पसरला, हजारो हाजी दगावले आणि आगबोटींबरोबर ती साथ युरोपात पोचली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत कॉलऱ्याचं मूळ हिंदुस्थानात आणि तो वाहून नेणारा हाजी, असं बोट रोखलं गेलं. 1882 पासून उस्मानी सरकार लाल समुद्रातल्या कामरान बेटावर आपल्याकडच्या हाजींना क्वारंटाइनमध्ये ठेवू लागलं.

इंग्रज सरकारचा क्वारंटाइनला वर्षानुवर्षं विरोध होता. तो हाजींच्या काळजीपोटी होता असं मला वाटत नाही. जहाजं अडली की सुएझमधून जाणारा व्यापार अडायचा, हे खरं दुखणं.

याचा पुरावा 1897 मध्ये मिळतो. आदल्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. हिंदुस्थानचा माल युरोपातली बंदरं नाकारतील अशी धास्ती पडली. फेब्रुवारीत व्हेनिसला परिषद बसली आणि मार्चमध्ये प्लेगचा करार झाला. आपल्या वतीने तिथे इंग्रजच बसले होते. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणं सरकारने बंद केलं. माल जात राहावा म्हणून माणसं थांबवली, असा मी त्याचा अर्थ लावतो. साथीच्या गावात जाऊ नये, तिथून बाहेरही पडू नये, ही शिकवण आपल्याकडे जुनीच आहे. तेव्हा थांबायला कुणाची ना नसती.

त्याच फेब्रुवारीच्या 4 तारखेला साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा. रेल्वेच्या प्रवाशाला तपासा, संशयिताला वेगळं ठेवा, जहाज अडवा; आणि या कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला नाही. दौंडसारख्या जंक्शनच्या गावाला तपासणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शाळेत आपण 1897 शिकतो ते रँड आणि चापेकर बंधूंपुरतं. हाजीची बाजू त्या धड्यात नाही.

पुढे 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली, 1969 मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आले आणि 2005 मध्ये ते नव्याने लिहिले गेले. त्यातलं 32 वं कलम मला फार मोलाचं वाटतं. प्रवाशाला तपासताना त्याची प्रतिष्ठा राखा, त्याच्या धार्मिक भावनांचा विचार करा, असं ते सांगतं. भारताला हे नियम लागू आहेत.

पण 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा आपल्याकडे बाहेर काढला गेला तो 1897 चाच कायदा. शिरूरचा घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. तिथे तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं दिसतं, असं न्यायालयाने म्हटलं. तोवर मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याला लोक नाव विचारू लागले होते. तो निकाल किती जणांनी वाचला असेल?

खाला सुखरूप परतल्या. लशीचं ते कार्ड त्यांनी जमजमच्या बाटलीशेजारी कपाटात ठेवलं आहे. घरी आलेल्या प्रत्येकाला पोलिओच्या थेंबांचा किस्सा सांगतात, आणि कार्ड काढून दाखवतात.