सोबतीची सायकल

आमच्या वाईत रविवारची पहाट दोन घाटांवर उजाडते. एक कृष्णेचा घाट आणि दुसरा पसरणीचा. पहिल्यावर जाणाऱ्यांना पुण्य मिळते. दुसऱ्यावर जाणाऱ्यांच्या फक्त पिंढऱ्या दुखतात. आम्ही चौघे या दुसऱ्या पंथाचे. एक मी, शाळामास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. दुसरे आमच्याच शाळेतले ड्रॉइंग-मास्तर. तिसरा पोस्टातला कारकून. आणि चौथा आमच्या आळीतला किराणा दुकानदार, ज्याला सगळे गाव शेठ म्हणते. चाळिशी चौघांनीही ओलांडलेली. वाईहून पाचगणी बारा किलोमीटरच्या आसपास. पण तेवढ्यात पाचशे मीटरांहून अधिक चढ चढावा लागतो. वर जाऊन करायचे काय, तर एकेक कप चहा प्यायचा आणि खाली यायचे. या उद्योगाला आमच्या घरची मंडळी काय म्हणतात, ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही.

एकदा सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "गुरुजी, सायकल कोणी शोधली?" मी छातीठोकपणे एक नाव सांगितले आणि घरी येऊन पुस्तक उघडले, तो ते नाव चुकीचे! तेव्हापासून सायकलीचा इतिहास वाचण्याचा नाद लागला. गेल्या वर्षी श्रावणात माझ्या हातून एक आगळीक घडली नसती, तर त्या वाचनाचा अर्थ मात्र मला कळला नसता. ती आगळीक पुढे सांगतो, आधी इतिहास.

जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल फॉन ड्राइस नावाचा एक वनाधिकारी होता. १२ जून १८१७ रोजी तो एका लाकडी दोनचाकीवर बसून गावाबाहेर पडला. त्या गाडीला पायडल नव्हते, चेन नव्हती. दोन चाकांमधल्या पाटावर बसायचे आणि जमिनीला पाय रेटत पळायचे, एवढाच कारभार. तरीही तासाभराच्या आत तो तेरा किलोमीटरांच्या आसपास जाऊन परत आला. लोक हसले. त्याच्या आदल्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नव्हता. दूर पूर्वेकडे तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ साली स्फोट झाला, त्याच्या राखेने हवामान बिघडले, पिके बुडाली, घोड्यांना दाणावैरण मिळेना. त्या टंचाईतूनच ड्राइसला बिनाघोड्याच्या गाडीची कल्पना सुचली, असे काही इतिहासकार मानतात.

पुढे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. चाके लाकडी, त्यांवर लोखंडी धाव, आणि रस्ते फरसबंदीचे. तेव्हा इंग्रज लोक या गाडीला 'हाडे खिळखिळी करणारी' म्हणू लागले, यात नवल नाही. मग वेगासाठी पुढचे चाक मोठे होत होत माणसाच्या छातीपर्यंत आले. त्या उंच गाडीवरून पडणारा थेट डोक्यावर पडे. अखेर १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला चेन, अशी 'रोव्हर' सायकल आणली. आज आपण जिच्यावर बसतो ती तिचीच मुलगी. तीन वर्षांनी बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी धाव बसवली. मुलाला हादरे बसू नयेत, एवढाच बापाचा हेतू. पण त्या पितृप्रेमाने साऱ्या जगाची पाठ वाचवली.

इथपर्यंतचा इतिहास कोणत्याही ज्ञानकोशात सापडेल. मला मौज वाटली ती पुढच्या गोष्टीची. हे यंत्र मुळात एकट्याचे. घोडागाडीत चौघे बसतात, बैलगाडीत अख्खे वऱ्हाड बसते. सायकलीवर मात्र एकच माणूस. आपल्याकडे डबलसीट निघाली ती वेगळी, आणि ती पोलिसाची शिट्टी ऐकू येईपर्यंतच! मग या एकलकोंड्या यंत्राने माणसे एकमेकांपासून दूर जायला हवी होती. झाले उलटेच. ज्या दिवसांत उंच चाकांवरून माणसे आपटत होती, त्याच दिवसांत, १८७८ साली, इंग्लंडात हॅरोगेट येथे सायकलवाल्यांनी आपला प्रवासी संघ काढला. कोणत्या खाणावळीत सायकलवाल्याला आपुलकीने उतरवून घेतील, याची त्यांनी नोंद ठेवली आणि अशा घरांवर पंख असलेल्या चाकाची खूण लावली. अवघड उतारांच्या तोंडाशी 'सावधान' अशा पाट्या त्यांनी स्वतः उभारल्या. या पाट्यांची गोष्ट मला फार आवडली. जो आधी पडला, त्याने मागून येणाऱ्यासाठी पाटी लावायची! मैत्रीची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

१८९४ साली बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी 'क्लॅरियन' नावाचे सायकल मंडळ काढले. आठवडाभर कामात पिचलेली माणसे सुटीच्या दिवशी सायकलींवरून खेड्यापाड्यांत जात. वाटेत दुसरा क्लॅरियनवाला भेटला की एकाने 'बूट!' असे ओरडायचे आणि दुसऱ्याने 'टाचा!' असे उत्तर द्यायचे. टाचा म्हणजे घोडेस्वाराच्या बुटाला लावायच्या काट्या. घोडा एकाकडेही नाही, पण आरोळी स्वाराची! बायकांनाही याच यंत्राने उंबऱ्याबाहेर नेले. स्त्रियांना मोकळे करण्यात सायकलीइतका वाटा जगातल्या दुसऱ्या कशाचाही नाही, अशा अर्थाचे उद्गार अमेरिकेतल्या सुसान अँथनीबाईंनी १८९६ साली काढले होते. आमच्या शाळेत आसपासच्या वाड्यांवरून मुली सायकलींवर येतात आणि त्याही दोघी-तिघी मिळूनच. फाटकाशी त्यांच्या घंट्यांचा गलका झाला, की मला त्या बाईंची आठवण होते.

आता आपल्या घराजवळची गोष्ट. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर टांग टाकून निघाले, ते पृथ्वीप्रदक्षिणेला. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. सगळे ऐन विशीतले. मुंबईतल्या वजने उचलणाऱ्यांच्या एका व्यायाम मंडळात जमलेली ही दोस्ती. दिल्ली, लाहोर, क्वेट्टा करीत ते इराणात शिरले, तिथून बगदादला गेले, आणि बगदादहून अलेप्पोपर्यंतचे वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत ओलांडले. वाळूत चाक रुतते तेव्हा काय होते, हे नदीच्या वाळवंटात सायकल घातलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तेवीस दिवस तसेच, वर ऊन आणि जवळ बेताचे पाणी. पुढे युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश, असे करीत १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परत आले. चार वर्षे पाच महिने. सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला प्रस्तावना लिहिली जवाहरलाल नेहरूंनी.

'ते परत आले' असे मी लिहिले खरे. पण निघाले होते सहा आणि परतले तीन. कापडिया काही घरगुती कारणाने तेहरानहून माघारी फिरले. हाथीरामांनी अमेरिकेतच राहायचे ठरवले, आणि त्या ताटातुटीने खिन्न होऊन पोचखानवालाही घरी निघाले. वाळवंटाने ज्याला हरवले नाही, त्याला एका मित्राच्या जाण्याने हरवले! एकाहत्तर हजार हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहितो, मुले डोळे विस्फारतात; पण माझ्या मनात घर करून राहिला तो तिघांचा वजाबाकीचा आकडा.

कारण आमच्या चौघांतही एक वजाबाकी झाली होती. गेल्या श्रावणात एका रविवारी मी आणि शेठ असे दोघेच निघालो. घाटात धुके, रस्ता ओला. पाय टेकवल्याशिवाय वर पोचायचे, असा माझा त्या दिवशीचा हट्ट. अर्ध्या चढावर मागून घंटी वाजली. जरा थांबून पुन्हा वाजली. मी ऐकली. शेठ दमला असेल, हळू चला म्हणत असेल, असे मनाशी म्हणालो आणि पायडल मारत राहिलो. पाचगणीला चहा घेतला, अर्धा तास वाट पाहिली, आणि तो परतला असेल असे धरून दुसऱ्या माणसांशी गप्पा मारत बसलो.

त्याची चेन तुटली होती. उतारावर चेनीवाचूनही सायकल धावते. पण ओल्या घाटात ब्रेकवर भरवसा नको म्हणून तो सायकल हाती धरून चालत उतरला. एका वळणावर शेवाळावरून घसरला आणि गुडघा फुटला. मला हे दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाकडून कळले. शेठ एका शब्दाने बोलला नाही. रविवारी यायचा मात्र थांबला. मी साखर घ्यायला गेलो, की काटा बरोबर मध्यावर आणी आणि पुडी बांधी. एरवी मित्राच्या पुडीत तो वर चिमूटभर टाकायचा. ती चिमूट बंद झाली.

सहा महिने मी 'गुडघा कसा आहे?' एवढेच विचारत राहिलो. मग पारशी मित्रांची ती हकीकत वाचली आणि त्या रात्री झोप लागेना. सकाळी दुकान उघडायच्या वेळीच गेलो आणि म्हणालो, "शेठ, त्या दिवशी घंटी मला ऐकू आली होती."

तो फळ्या काढत होता. हातातली फळी भिंतीला टेकवून म्हणाला, "ठाऊक आहे मास्तर. धुक्यात आवाज लांब जातो. तुम्ही कधी सांगता, एवढीच वाट पाहत होतो."

आता तो पुन्हा येतो. चौघांत त्याची चाल सर्वांत धीमी, म्हणून तोच पुढे असतो. आम्ही तिघे त्याच्या मागून. पाचगणीला पोचायला पूर्वीपेक्षा वीस मिनिटे जास्त लागतात आणि पाय तर सर्वांनाच टेकवावे लागतात. माझ्या पिशवीत चेनीची एक जादा कडी आणि हातपंप असतो. घंटी वाजली, की चौघेही थांबतात. मग ती नुसती माकडाला हाकलायला वाजवलेली का असेना!

परवा दिवाळीची साखर आणायला गेलो होतो. काटा मध्यावर आला. शेठने माझ्याकडे पाहिले, आणि वर चिमूटभर टाकली.