‘ब्रॉडकास्ट’ : वाच्यार्थाचा इतिहास

शब्दाचा वाच्यार्थ मूळचा आणि लाक्षणिक अर्थ मागाहून त्यावर चढलेला, ही समजूत आपल्या समीक्षाव्यवहारात इतकी मुरलेली आहे की तिची ऐतिहासिक तपासणी करण्याची गरज सहसा भासत नाही. अशा तपासणीसाठी ‘ब्रॉडकास्ट’ हा रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द विशेष उपयुक्त आहे. आज तो उच्चारताच रेडिओ किंवा दूरचित्रवाणी मनात येते. अठराव्या शतकात त्याचे स्थान शेतात होते. मुठीतले बी हाताच्या फेकीने रानभर विखरून टाकणे, म्हणजे आपल्याकडे ज्याला बी फोकणे म्हणतात, ती क्रिया त्याने दर्शवली जाई.

विशेषण म्हणून शेतीच्या अर्थाने हा शब्द १७६७ मध्ये नोंदलेला आढळतो. बी फोकणे तर हजारो वर्षांचे. मग त्याला स्वतंत्र नाव इतक्या उशिरा का लागावे? याचे उत्तर अवजाराच्या इतिहासात आहे. जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास बी ओळीत पेरणारे यंत्र तयार केले आणि पुढच्या काही दशकांत ओळीतल्या पेरणीचा इंग्लंडमध्ये हिरिरीने पुरस्कार होऊ लागला. तोवर नुसते ‘पेरणे’ पुरेसे होते. आता जुन्या रीतीला वेगळे ओळखण्याची गरज निर्माण झाली. (पाभर आणि तिफण वापरणाऱ्या दख्खनला हा भेद नवा नव्हता. दक्षिण भारतातील पाभरीच्या पेरणीविषयी कॅप्टन हॅलकॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला मजकूर धरमपाल यांच्या १९७१ च्या ग्रंथात पाहायला मिळतो. इंग्रजांना या अवजाराचे अप्रूप वाटले, हे त्यावरून स्पष्ट होते.) ज्याला आपण या शब्दाचा निखळ वाच्यार्थ म्हणतो, तोदेखील असा एका भेदातून जन्माला आलेला आहे.

पुढचा कालक्रम अधिक बोलका आहे. ‘सर्वत्र पसरलेले’ हा लाक्षणिक प्रयोग १७८५ मध्ये सापडतो, तर ‘बी फोकणे’ या अर्थाचे क्रियापद १८१३ मध्ये. क्रियापदाने शेतात पाऊल ठेवण्याआधीच विशेषण शेताबाहेर पडले होते. क्रियापदालाही लाक्षणिक व्हायला १८२९ पर्यंतच थांबावे लागले. आधी एक, मग दुसरा, अशी सरळ रेषा येथे आखता येत नाही.

रेडिओशी या शब्दाचा संबंध १९२१ पासूनचा. आरंभीच्या बिनतारी संदेशवहनात एकाने बोलावे आणि दुसऱ्या एकानेच ऐकावे, अशी अपेक्षा होती. संदेश वाटेल त्याच्या कानी पडतो, हा त्या तंत्रातला दोष मानला जाई. ‘ब्रॉडकास्ट’ने या दोषाचा गुण केला. पेरणाऱ्याला प्रत्येक दाण्याचा हिशेब ठेवता येत नाही. काही वाटेवर पडते, काही खडकावर, काही काट्यांत. बायबलमधील पेरणाऱ्याचा दाखला इंग्रज श्रोत्याच्या परिचयाचा होता, आणि बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ हे तर धर्मोपदेशकाचेच पुत्र. १९३२ मध्ये खुल्या झालेल्या ब्रॉडकास्टिंग हाऊसच्या दर्शनी दालनात एरिक गिल याने घडवलेला ‘पेरणारा’ उभा आहे : हाताने बी टाकणारा दगडी शेतकरी. तेथल्या लॅटिन शिलालेखातही चांगल्या बियाण्याला चांगले पीक येवो, अशी प्रार्थना आहे. नव्या अर्थाला जेमतेम अकरा वर्षे झाली होती आणि तेवढ्यात शिल्पकाराला जुन्या अर्थाची आठवण दगडात कोरून ठेवावीशी वाटली! ही लक्षणा तोवर जिवंत होती याचा हा पुरावा मानावा, की ती मरू लागली होती याचा? मला दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. जे विसरले जात नाही त्याचे स्मारक उभारण्याची निकड सहसा वाटत नाही.

हा पेच संस्कृत साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला : मुळात कुश तोडणारा, रूढीने निपुण. विश्वनाथाने त्यावर घेतलेला आक्षेप मूलगामी आहे. शब्दाची व्युत्पत्ती हे एक आणि त्याच्या वापराचे निमित्त हे दुसरे. तेव्हा ‘निपुण’ हाच ‘कुशल’चा मुख्यार्थ होय. या दृष्टीने पाहता, रेडिओला अनुलक्षून आज ‘ब्रॉडकास्ट’ म्हणताना मुख्यार्थाला कोणताही बाध येत नाही. बाध येतो तो शेताविषयी बोलताना. गिल मम्मटाच्या पक्षाचा. भाषा मात्र विश्वनाथाच्या बाजूने गेली.

हा शब्द भारतात आला तो लाक्षणिक अर्थानेच. १९२७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कंपनीच्या नावात तो होता, १९३० नंतरच्या सरकारी सेवेच्या नावातही होता. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले आणि तो गळला. लायोनेल फील्डन यांच्या आत्मचरित्रातील हकिकतीनुसार, भारतीयांना त्याचा उच्चार जमत नाही, ही सबब त्यांनी व्हाइसरॉयपुढे मोठ्या खुबीने मांडली होती. या शब्दाच्या पोटातली क्रिया कोट्यवधी भारतीयांच्या हातात होती, हे त्या संभाषणात कोणाच्याच ध्यानी आलेले दिसत नाही.

मराठीने पुढे ‘प्रसारण’ आणि ‘प्रक्षेपण’ असे दोन पर्याय स्वीकारले. पहिल्यात ‘ब्रॉड’चा विस्तार आला, दुसऱ्यात ‘कास्ट’ची फेक, बी मात्र दोन्हींतून निसटले. ‘प्रक्षेपण’ तर अग्निबाणापर्यंत जाऊन पोचले, आणि पाठचिकित्सा करणाऱ्याच्या कानाला त्यात ‘प्रक्षिप्त’ ऐकू येते ते वेगळेच. ही हानी केवळ भावनिक नाही. देरिदाच्या १९७२ च्या ग्रंथाच्या शीर्षकात, ‘दिसेमिनासियों’मध्ये, बीजाचा लॅटिन शब्द दडलेला आहे. इंग्रजी वाचकाला हे शीर्षक आणि ‘ब्रॉडकास्ट’ यांचे नाते जोडून घेता येते. आपण दोहोंसाठी संस्कृत धातूंवरून पारिभाषिक संज्ञा घडवतो, तेव्हा ते नाते तळटिपेत सांगावे लागते. ‘फोकणे’ हा शब्द संज्ञेच्या विचारासाठी पुढे येतच नाही, कारण तो शेतकऱ्याचा. आकाशवाणीवरून ‘बी फोकू नका, पाभरीने पेरा’ असा सल्ला दिला गेला, तर इंग्रजीत त्या वाक्यात ब्रॉडकास्टच ब्रॉडकास्टला मनाई करील. मराठी श्रोत्याला त्यात काहीच वावगे जाणवणार नाही.