हरवलेल्या ध्वनीचा शोध : ओम् शिनरिक्यो पंथाची नभोवाणी प्रसारणे आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

समकालीन इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांची उणीव भासत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. नभोवाणीच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. छापील पत्रकाची एखादी प्रत कोठेतरी शिल्लक राहते. उच्चारलेला शब्द मात्र कोणी ध्वनिमुद्रित केला नसेल तर त्याच क्षणी नाहीसा होतो. जपानमधील ओम् शिनरिक्यो या पंथाने १९९२ ते १९९५ या काळात रशियातून केलेली प्रसारणे हे याचे ठळक उदाहरण होय. या प्रसारणांचा शोध का घ्यावा, तो कोठे घ्यावा आणि त्यातून इतिहासाला काय लाभते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

शोको असाहारा (मूळ नाव चिझुओ मात्सुमोतो) याने १९८४ मध्ये टोकियोत योगवर्ग सुरू केला. हिमालयात आपणास १९८६ मध्ये मोक्षप्राप्ती झाली, असा त्याचा दावा होता. 'ओम्', 'वज्रयान' यांसारख्या भारतीय संज्ञा त्याने उचलल्या आणि त्यांना सर्वनाशाच्या भाकितांची जोड दिली. उच्चशिक्षित तरुण, विशेषतः विज्ञानशाखांचे पदवीधर, या पंथाकडे ओढले गेले. फेब्रुवारी १९९० च्या निवडणुकीत पंथाचे सर्व २५ उमेदवार पराभूत झाले. पुढे २७ जून १९९४ रोजी मात्सुमोतो शहरात आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत पंथाच्या अनुयायांनी सारिन हा विषारी वायू सोडला. टोकियोतील हल्ल्याच्या बळींची संख्या २०२० मधील एका मृत्यूसह १४ झाली; सहा हजारांहून अधिक लोकांना इजा पोहोचली. असाहारासह १३ जणांना जुलै २०१८ मध्ये फाशी देण्यात आली.

रशियामार्गे प्रसारण

मार्च १९९२ मध्ये असाहारा मोठ्या लवाजम्यासह मॉस्कोला गेला. सोव्हिएत संघ नुकताच विसर्जित झाला होता. सरकारी प्रसारणयंत्रणेला पैशांची निकड होती. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे १९९५ मध्ये सादर झालेल्या अहवालानुसार 'मायाक' या रशियन केंद्रावरील वेळेसाठी पंथाने तीन वर्षांचा करार केला व त्यापोटी वर्षाला ८ लाख डॉलर मोजले. जपानी श्रोत्यांसाठीचे प्रसारण व्लादिवोस्तोक येथून होत असे. 'एउआन्गेलिओन तेस बासिलेइआस' हे त्या कार्यक्रमाचे ग्रीक नाव. त्याचा अर्थ 'राज्याची सुवार्ता'. रात्रीच्या वेळी मध्यम लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात, त्यामुळे समुद्रापलीकडील जपानमध्ये हा कार्यक्रम साध्या रेडिओसंचावर ऐकता येई. जपानमध्ये स्वतःचे केंद्र चालविण्यास शासकीय परवाना आवश्यक असतो; परकीय प्रक्षेपकावरील वेळ विकत घेतल्याने पंथाला ही अट लागू झाली नाही. मार्च १९९५ च्या हल्ल्यानंतर ही प्रसारणे थांबली आणि एप्रिलमध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने पंथाच्या कार्यावर बंदी घातली.

या व्यवस्थेतच प्रसारणे हरवण्याचे कारण दडलेले आहे. शब्द जपानी, प्रक्षेपक रशियन आणि पैसा पंथाचा होता. त्यामुळे हा ध्वनी जतन करण्याचे दायित्व दोन्ही देशांतील कोणत्याही अभिलेखागाराकडे आले नाही.

ध्वनिमुद्रणाचे पुराव्यादाखल मूल्य

असाहाराची प्रवचने ग्रंथरूपाने व ध्वनिफितींवर उपलब्ध असताना प्रसारणांचा खटाटोप कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु पंथाने स्वतः काढलेल्या आवृत्तीत मजकूर वगळता येतो, बदलता येतो. त्रयस्थ श्रोत्याने ठरावीक दिवशी केलेल्या ध्वनिमुद्रणात नंतर फेरफार करणे पंथाच्या हाती राहत नाही.

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात भीषण भूकंप झाला. त्यापूर्वी काही दिवस आपण नभोवाणीवरून त्याचे भाकीत केले होते, असा दावा पंथाने पुढे केला. या दाव्याची शहानिशा पंथाच्या छापील साहित्यावरून होऊ शकत नाही. भूकंपापूर्वीच्या तारखेचे स्वतंत्र ध्वनिमुद्रणच ती करू शकते. तसेच १९९४-९५ मध्ये आपल्यावरच विषारी वायूचे हल्ले होत असल्याचा प्रचार पंथ करीत होता. मात्सुमोतो व टोकियो येथील हल्ल्यांच्या दरम्यानच्या नऊ महिन्यांत अनुयायांना आठवड्यागणिक काय ऐकवले जात होते, हे कळल्यास त्यांच्या मनाची घडण कशी झाली याचा कालानुक्रम लावता येईल.

शोधाच्या दिशा

अशा शोधात सर्वात मोलाचे सहकार्य हौशी श्रोत्यांचे ठरते. दूरदेशीची केंद्रे ऐकण्याच्या छंदाने १९७० च्या दशकात जपानी तरुणांमध्ये मोठे मूळ धरले होते. असे श्रोते दिनांक, वेळ व कंप्रता यांची नोंदवही ठेवतात, केंद्राकडून पोचपत्रे मिळवतात आणि अनेकदा कॅसेटवर ध्वनिमुद्रणही करतात. त्यांच्या कपाटांतील अशा फितींतून या प्रसारणांचे तुकडे हाती लागतात. चुंबकीय फीत कालांतराने क्षीण होते आणि श्रोत्यांची ती पिढीही वृद्ध झाली आहे. म्हणून हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.

या संदर्भात जिम जोन्सच्या पीपल्स टेंपलशी तुलना उद्बोधक ठरते. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातील जोन्सटाउन येथे ९०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे सापडलेल्या शेकडो ध्वनिफिती अमेरिकी तपासयंत्रणेने जप्त केल्या, माहितीच्या अधिकारान्वये त्या खुल्या झाल्या आणि सॅन डिएगो राज्य विद्यापीठाशी निगडित प्रकल्पात त्यांचे लिप्यंतर झाले. जप्तीमुळे का होईना, तो ध्वनी टिकला.

मात्र शासकीय ताब्यात असणे ही जतनाची हमी नव्हे. ओम् शिनरिक्योची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता टोकियो जिल्हा न्यायालयाने ऑक्टोबर १९९५ मध्ये रद्द केली. त्या प्रकरणाचे कागदपत्र नष्ट करण्यात आल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आले. याउलट फौजदारी खटल्यांची कागदपत्रे कायम जतन करण्याचा निर्णय जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१८ मध्ये घेतला होता. एकाच प्रकरणाच्या दोन दप्तरांचे भवितव्य इतके भिन्न ठरले.

नैतिक प्रश्न

सापडलेले ध्वनिमुद्रण सरसकट सर्वांसाठी खुले करावे काय, हा प्रश्न येथे अपरिहार्य आहे. पंथाचा उत्तराधिकारी असलेल्या 'अलेफ' या गटात असाहाराच्या शिकवणुकीला आजही स्थान असल्याचे जपानची सार्वजनिक सुरक्षा संस्था सांगते. संदर्भाविना ऐकवलेले प्रवचन पुन्हा प्रचार ठरू शकते. पीडितांच्या कुटुंबीयांना तो आवाज यातनादायक वाटू शकतो. तथापि ध्वनिमुद्रण नष्ट होऊ देणे हा त्यावरील उपाय नव्हे. दिनांक, स्थळ व पार्श्वभूमीच्या टिपणांसह ते ग्रंथालयात ठेवून अभ्यासकांना नियंत्रित स्वरूपात उपलब्ध करून देणे, हा मध्यममार्ग व्यवहार्य आहे.

समारोप

सुशिक्षित माणसे अशा पंथाच्या अधीन कशी झाली, याचे उत्तर केवळ निकालपत्रांतून मिळत नाही. निकालपत्र अपराध सांगते. अनुयायाने रात्री रेडिओजवळ बसून काय ऐकले, ते सांगत नाही. हे उत्तर ज्या फितींवर आहे त्या मुख्यतः अनाम छंदिष्टांच्या घरी आहेत. त्या मिळवून त्यांची नोंद करणे, हे इतिहासकार व ग्रंथपाल यांचे संयुक्त काम आहे.