चित्रांसमोर आपण कसे उभे राहतो?

संग्रहालयात शिरलो की आपला आवाज आपोआप खाली येतो. हात पाठीमागे जातात. एका चित्रासमोर थोडं थांबायचं, खालची पाटी वाचायची आणि पुढे सरकायचं. कोणी शिकवलेलं नसतं, तरी सगळेजण हेच करतात. चित्र हलत नाही, हलतो तो आपणच. मग हे आपलं चालणं, थांबणं, गप्प राहणं ठरवलं कोणी? या प्रश्नाचा थोडा इतिहास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

मी कवी माणूस. चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नाही. पण मुशायऱ्यांत बसून एक गोष्ट कळली. वहीत वाचलेला शेर वेगळा आणि मैफलीत ऐकलेला वेगळा. शायर पहिली ओळ दोनदा म्हणतो, थांबतो, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतो आणि मग दुसरी ओळ सोडतो. समोरून 'मुकर्रर' आलं की तीच ओळ पुन्हा. शब्द बदलत नाहीत, पण क्रम, विराम आणि ऐकणाऱ्याचा वाटा यांमुळे अर्थ भरत जातो. नाटकवाले याला नाट्यरचना म्हणतील. आपल्या तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. हा नुसता रिवाज नाही. प्रेक्षकाला हळूहळू आत घेण्याची ती रीत आहे. आणि माणसांनी जागेत कसं फिरायचं, कुठे वळायचं, कुठे थबकायचं हे ठरवणं म्हणजे नृत्यरचना. या दोन्ही गोष्टी चित्रांच्या दालनात आणल्या तर काय होईल, हे विसाव्या शतकात काही मंडळींनी करून पाहिलं.

जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापासून सुरुवात करू. तिथल्या संग्रहालयाचे प्रमुख अलेक्झांडर डॉर्नर यांनी एल लिसिट्स्की या रशियन कलावंताला एक खोली सजवायला दिली. १९२७-२८ सालची ही गोष्ट. लिसिट्स्कीचा रंगभूमीशी संबंध होता. 'सूर्यावर विजय' या रशियन संगीतिकेसाठी त्याने यांत्रिक बाहुल्यांची चित्रं केली होती आणि ती हॅनोव्हरमध्येच १९२३ साली छापली गेली होती. या खोलीच्या करड्या भिंतींवर त्याने धातूच्या अरुंद उभ्या पट्ट्या बसवल्या. प्रत्येक पट्टी एका अंगाने पांढरी, दुसऱ्या अंगाने काळी. माणूस चालू लागला की भिंत पांढऱ्याची करडी आणि करड्याची काळी होत जाई. काही चित्रांवर सरकते फलक होते. पाहणाऱ्याने आपल्या हाताने फलक सरकवायचा, म्हणजे एक चित्र झाकलं जाई आणि दुसरं उघडं पडे. कोणतं चित्र कधी पाहायचं, हे काही अंशी पाहणाराच ठरवत होता. बघ्याला नाटकात भूमिका मिळाली होती.

पण ती भूमिका फार दिवस टिकली नाही. नाझी सत्तेवर आले आणि १९३७ च्या सुमारास ही खोली मोडून टाकण्यात आली. संग्रहालयातली आधुनिक चित्रं जप्त झाली. डॉर्नर देश सोडून अमेरिकेला गेले.

त्याच १९३७ च्या जुलैमध्ये म्युनिक शहरात नाझींनी दोन प्रदर्शनं भरवली. एक सरकारमान्य जर्मन कलेचं, नव्या भव्य इमारतीत, उजेडाने भरलेल्या मोठ्या दालनांत. दुसरं 'भ्रष्ट कला' या नावाचं, जुन्या इमारतीतल्या अरुंद खोल्यांत. त्यात साडेसहाशेच्या आसपास कलाकृती होत्या. पॉल क्ले, कँडिन्स्की, शगाल, किर्शनर, नोल्डे अशा चित्रकारांची कामं दाटीवाटीने, काही तर वेडीवाकडी टांगलेली. भिंतींवर टिंगलीची वाक्यं रंगवलेली. अनेक चित्रांजवळ त्यांच्या खरेदीची किंमत लिहिलेली. ते आकडे भयंकर वाटत, कारण त्यांतले काही १९२०च्या दशकातल्या बेसुमार महागाईच्या दिवसांतले होते, आणि हा खुलासा मात्र कुठेच नव्हता. म्युनिकमध्ये हे प्रदर्शन २० लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं.

इथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्या इतिहासाची गाठ इथे आहे. प्रदर्शनाला नाट्य द्या, प्रेक्षकाला हलवा, धक्का द्या, असं आपण सहज बोलतो. म्युनिकमध्ये नाट्य भरपूर होतं. चिंचोळी वाट, कोंदट खोल्या, गर्दीचा रेटा आणि कानावर पडणारं हसणं, सगळं बेतलेलं. हॅनोव्हरच्या खोलीत माणसाला हात दिले होते. म्युनिकमध्ये त्याचा निकाल आधीच लिहून ठेवला होता, त्याने फक्त हसायचं होतं. तरीही त्या गर्दीत ही चित्रं शेवटची डोळे भरून पाहायला आलेले लोक होतेच. दिग्दर्शक कितीही कडक असला तरी प्रेक्षकाच्या डोळ्यांवर त्याची पूर्ण सत्ता चालत नाही, एवढाच त्यातला दिलासा.

महायुद्धानंतर हा धागा नर्तकांनी उचलला. १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये सिमोन फोर्टी या नर्तकीने एक उतरती फळी उभी केली, तिला दोर बांधले आणि नर्तकांना त्यावर चढायला-उतरायला लावलं. रंगमंच नाही, खुर्च्यांच्या रांगा नाहीत. एखाद्या शिल्पाभोवती फिरावं तसे लोक भोवती उभे राहिले. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, रॉबर्ट मॉरिस या शिल्पकाराने लंडनच्या टेट गॅलरीत पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी प्रेक्षकांनाच चढायला उतरंडी, तोल सांभाळायला दोर, शिरायला बोगदे दिले. लोकांचा उत्साह इतका अनावर झाला की सामान मोडलं, काहींना लागलंही, आणि काही दिवसांतच प्रदर्शन बंद करावं लागलं. २००९ साली टेट मॉडर्नमध्ये ते पुन्हा उभं राहिलं, तेव्हा बांधणी अधिक मजबूत आणि सुरक्षित होती. शरीराला मोकळीक द्यायची तर त्याची काळजीही घ्यावी लागते, हा धडा त्या फळ्या-दोरांनी दिला.

अलीकडचं उदाहरण ब्रसेल्सचं. २०१५ साली आन तेरेसा द केर्समाकर या नृत्यरचनाकार बाईंनी तिथल्या विल्स या कलाकेंद्रात आपलं तासाभराचं नृत्य नऊ तासांवर पसरवलं. केंद्र उघडं असेल तेवढा वेळ नर्तक आणि वादक तिथे असत. जमिनीवर खडूची वर्तुळं आखलेली. हा क्रम नऊ आठवडे चालला. तिकीट काढून आठ वाजता खुर्चीत बसायचं, पडदा पडला की टाळ्या वाजवायच्या, असं काही नाही. कधीही या, नर्तकांच्या मधून चाला, भिंतीला टेकून तासभर बसा, उद्या पुन्हा या. चित्रासमोर आपण आपला वेळ ठरवतो, तसा इथे नृत्यासमोर ठरवायचा. मला हे 'मुकर्रर'च्या जवळचं वाटतं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने फोर्टी यांच्या त्या जुन्या रचना आपल्या संग्रहात घेतल्या. घेतल्या म्हणजे काय घेतलं? फळी आणि दोर कुठल्याही सुताराकडे मिळतील. संग्रहालयाने घेतल्या त्या सूचना, चित्रफिती आणि त्या रचना नव्या नर्तकांना शिकवण्याची जबाबदारी. बंदिश जशी गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरते, तसंच हे. इथे शिकवण्यात खंड पडला की वस्तू हरवली.

आपल्याकडे हा विचार परका वाटू नये. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरतात आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगतात. एक पान मागे जातं, दुसरं पुढे येतं. परशुराम गंगावणे यांना या परंपरेच्या जपणुकीसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण अशीच चित्रं संग्रहालयात काचेमागे टांगली की त्यांचा क्रम जातो, आवाज जातो, पान उलटणारा हात जातो. उरतो तो कागद आणि रंग. कागद सांभाळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण कथा सांगणाऱ्याला वर्षातून एकदा उद्घाटनाला बोलावलं, म्हणजे चित्रकथा सांभाळली असं होत नाही. त्याच्यासाठी जागा, वेळ आणि मानधन यांची कायमची सोय दालनाच्या आराखड्यातच असायला हवी. जिवंत माणूस थकतो, त्याला पाणी लागतं, विश्रांती लागते. कॅनव्हासला यातलं काही लागत नाही.

कोणत्याही प्रदर्शनात नाटक असतंच. पांढऱ्या भिंतीवर सारख्या अंतराने टांगलेली चित्रं हेही नाटकच, फक्त ते शांत असतं आणि आपल्याला सवयीचं झालेलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी दालनात गेलात की चित्रांबरोबर वाटही पाहा. इथे मला मागे वळता येतं का? बसता येतं का? तेच पुन्हा मागता येतं का? आणि सगळे हसत असताना मला एकट्याला गप्प उभं राहता येतं का? जिथे उत्तर 'हो' येईल, तिथे पुन्हा जावं. पोरांनाही घेऊन जावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)